उस्ता कुठून आला

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि शिकले काय, तर भाषा. आबा, माझे वडील, गावच्या तालमीत घडलेले. ते म्हणायचे, "बोलायला शिकायला कॉलेज कशाला लागतंय?" यंदा ते पहिल्यांदा कतारला आले, आणि त्याच शुक्रवारी मराठी मंडळींच्या बैठकीत बोलायची माझी पाळी होती. दर महिन्याला कुणाच्या तरी हॉलमध्ये एकजण आपल्या कामावर बोलतो. बहुतेकदा गॅस, नाहीतर पाइपलाइन. मला एकच हवं होतं. माझं शिक्षण आबांना एकदा दिसावं.

मी एका तुर्की कंत्राटदाराकडे भाषांतर करते. अल रुवैसच्या साइटवर गवंडी, आचारी, मेकॅनिक सगळे 'उस्ता'. नाव आधी, उस्ता मागून, आपल्या राव-ताईसारखं. आपुलकीने बोलायचं तर नाव गाळून पुढे 'म' जोडायचा: उस्ताम, म्हणजे माझे उस्ता. नुसत्या नावाने हाक मारली तर आमचा आचारी मान वर करत नाही. हा मान तुर्कांनी फारसीतून उसना घेतला. उझबेकांकडे गेला, अझरबैजानात गेला. आपल्या तालमीत येऊन तो वस्ताद झाला.

एवढं सांगते तोच गॅस प्लांटमधले एक काका म्हणाले, "ताई, शब्द तुर्कांचाच. उगाच इराण्यांना श्रेय कशाला?"

आबा माझ्याकडे बघत होते.

"काका, तुर्कीत तो लिहिलेला सापडतो त्याच्या कितीतरी आधी इराणच्या जुन्या भाषेत आहे. पुराव्यानिशी सांगते."

"म्हणजे भाषेच्या वस्ताद तुम्हीच म्हणायचं."

"ते मी कसं म्हणू? स्वतःला उस्ता म्हणवून घेणाऱ्याला साइटवर कुणी चहासुद्धा विचारत नाही."

हॉल हसला. काकाही हसले. "खलास, मानलं तुम्हाला."

तेवढ्यात खणखणीत आवाज झाला. आबांनी सोफ्यावरून उठून शड्डू ठोकला होता.

"आबा, लोक बसलेत," मी पुटपुटले.

"बसू देत की. कुस्ती निकाली झाली." मग खुर्ची ओढून ते अगदी माझ्यासमोर येऊन बसले. "ते उझबेकांचं काय म्हणालीस? नीट सांग, घाई करू नको."

मी सांगत राहिले. जेवण गार झालं, तरी कुणी उठलं नाही.