पडद्यामागची सुरी

जपानातल्या मोठ्या भूकंपानंतरच्या तिसऱ्या वर्षी मी मुलाकडे तिथल्या फुनाबोरीला राहायला आले. मुलगा बँकेत, सून एका कंपनीत, आणि शनिवारी नातीचा पोहण्याचा क्लास. तिला सोडायचं आणि दोन तासांनी परत न्यायचं, हे काम माझ्याकडे आलं. क्लासच्या समोरच एक जुनं कॉफीचं दुकान होतं. लाकडी काउंटर, सहा टेबलं, भिंतीवर लहानसा टीव्ही. मी तिथे बसायला लागले. दुकानाच्या मालकाला सगळे मास्तर म्हणायचे. तिकडे कॉफीच्या दुकानदाराला तसंच म्हणतात. मला बरं वाटलं, निदान एक तरी शब्द ओळखीचा निघाला.

पहिल्या शनिवारी मी सँडविच मागवलं आणि त्यातलं हॅम काढून बशीच्या कडेला ठेवलं. पुढच्या शनिवारी मी काही न सांगता काकडीचं सँडविच आलं, कडा कापलेलं. आतल्या स्वयंपाकघराच्या दाराला निळा कापडी पडदा होता. त्याच्यामागे एक बाई काम करायच्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्या पडद्यातून बशी पुढे सरकवायच्या, मान लववायच्या आणि परत आत. त्या मास्तरांच्या बहीण आहेत, उत्तरेकडच्या किनाऱ्यावर होत्या, भूकंपानंतरच्या लाटेत घर समुद्राने नेलं म्हणून भावाकडे आल्या, एवढं मला नंतर कळलं. मी एकदा घरचा चिवडा नेऊन दिला. रिकामा डबा धुऊन, वर कागदात गुंडाळलेली दोन संत्री ठेवून परत आला. आमची ओळख ही अशी, एक शब्द न बोलता झालेली.

दुकानात दर शनिवारी दोन माणसं हमखास असत. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी जन्मभर तातामीच्या जाड गवती चटया विणल्या, त्यांना मी मनातल्या मनात चटईवाले म्हणायची. दुसऱ्या शेजारच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या बाई. दोघं एकाच बेसबॉलच्या संघावर जीव टाकणारे आणि तो संघ दरवर्षी शेवटून पहिला नाहीतर दुसरा. त्यामुळे सामन्यांबद्दल बोलण्यासारखं फार नसे. सगळं बोलणं पुढच्या वर्षाचं. कोणता खेळाडू दुसऱ्या संघाला द्यावा, बदल्यात कोण घ्यावा, आणि शरद ऋतूत शाळा-कॉलेजातली नवी मुलं निवडतात त्यात कोणावर हात ठेवावा.

जेवणाच्या यादीचा फळा होता, त्याची मागची बाजू या कामाला राखीव होती. डावीकडे द्यायचे आणि घ्यायचे, उजवीकडे शाळकरी मुलांची नावं. प्रत्येक नावापुढे खडूने खूण. दुहेरी गोल म्हणजे उत्तम, एकेरी गोल म्हणजे चांगला, त्रिकोण म्हणजे बघू, फुली म्हणजे नकोच. नात पोहून आली की ओल्या केसांनी माझ्याशेजारी बसून मला समजावायची. एकाच मुलाला चार संघांनी मागितलं तर पेटीतून चिठ्ठ्या काढतात, ज्याची निघेल त्याचा मुलगा.

मी विचारलं, मुलाला कुठे जायचंय ते कोणी विचारत नाही का? तर ती जपानीत काहीतरी बोलली आणि मग माझ्यासाठी मराठीत म्हणाली, "आजी, तो खेळायला जातो ना, मग कुठे का असेना."

खरं सांगू, मला ते सगळं फार ओळखीचं वाटलं. उंची किती, खांदा कसा, घराणं खेळातलं आहे का, डोळ्यांत तेज आहे की नाही. आमच्याकडे मुलगी बघायला लोक येत तेव्हा बाहेरच्या खोलीत असंच चाले. मी स्वतः पाच वेळा पोह्यांच्या बशा घेऊन दाराआड उभी राहिलेली आहे. बाहेर माझी उंची मोजली जात होती आणि आत मी हातातल्या ट्रेवरची फुलं मोजत होते.

नात यायच्या आधीचे दोन तास मला त्यांचं बोलणं कळत नसे. भाषा येत नसली की माणूस चेहरे बघतो, आवाज ऐकतो. आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की पडद्यामागे कोबी चिरल्याचा आवाज एकसारखा चालू असतो, आणि एक ठरावीक नाव निघालं की तो थांबतो. नाव त्या संघाच्या एका गोलंदाजाचं, हे आणि पुढचं सगळं नातीकडून कळलं. डावखुरा, तेहतीस वर्षांचा, गेल्या दोन वर्षांत चेंडूचा वेग उतरलेला. चटईवाले आणि पार्लरवाल्या बाई यांचं सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरूनच. चटईवाल्यांचं म्हणणं, याला पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन टाका, तिथून एक चांगला फलंदाज घ्या आणि डावखुरा हवाच तर शाळेतला कोवळा निवडा. बाई म्हणायच्या, शाळेतला पोरगा उद्या कसा निघेल कोणाला ठाऊक, हा निदान आपल्या ओळखीचा आहे, हा कुठेही जाता कामा नये.

मग एका शनिवारी टीव्हीवर तो गोलंदाज दिसला. त्याने घाम पुसायला टोपी काढली, आणि माझा कप हातातच राहिला. पडद्यामागच्या बाईंचेच ते बाहेर वळलेले कान, तीच एका बाजूला दबलेली हनुवटी. आम्हा बायकांना हे कळतं, बारशाला गेलो की पहिलं हेच बघतो. मी पडद्याकडे पाहिलं. आत सुरी बंद होती.

कोणालाच माहीत नव्हतं. आडनाव वेगळं, कारण मास्तरांचं ते बहिणीचं माहेरचं, आणि मुलाचं तिच्या सासरचं. मी कोणाला बोलले नाही, सुनेलाही नाही. पण त्या दिवसापासून मला चटईवाल्यांचा राग यायला लागला. माणूस सज्जन, माझ्यासाठी दार धरून उभा राहणारा, पण आई आत कोबी चिरत असताना हा बाहेर तिच्या मुलाला विकतोय. भूकंपात घर गेलेली बाई, मुलगा जवळ आहे एवढंच काय ते उरलेलं, आणि तोही पश्चिमेला पाठवायचा.

ऑक्टोबरात, नव्या मुलांची निवड व्हायच्या आधी, दुकानात मत घ्यायची पद्धत होती. जे ठरेल ते चटईवाले सुवाच्य अक्षरात पोस्टकार्डावर लिहून संघाच्या क्लबाला पाठवत. क्लबाकडून दरवर्षी छापील आभाराचं कार्ड येई आणि ते काउंटरवर लावलं जाई. मास्तर मत देत नसत, गिऱ्हाइकांच्या भांडणात दुकानदाराने पडू नये म्हणत. त्या वर्षी डावखुऱ्याला देऊन टाका म्हणणारं एक मत, देऊ नका म्हणणारं एक. चटईवाल्यांनी माझ्याकडे वळून आदराने काहीतरी विचारलं. नात म्हणाली, आजी, ते तुला मत दे म्हणतायत. तू ठरवशील ते कार्डावर जाईल.

मी जरा सावरून बसले आणि म्हणाले, "आधी त्यांना विचार, त्या मुलाच्या घरी कोण कोण आहे?"

नातीने माझ्या बाहीला हळूच ओढलं. "आजी, बेसबॉलमध्ये असं नाही विचारत."

"तू विचार तर."

तिने विचारलं. चटईवाल्यांनी कप खाली ठेवला. त्यांना त्याच्या प्रत्येक वर्षाचे आकडे पाठ होते. पार्लरवाल्या बाईंना त्याच्या कुत्र्याचं नाव माहीत होतं. घरी कोण आहे ते दोघांनाही सांगता येईना. तेवढ्यात पडदा हलला. त्या बाई हात पुसत बाहेर आल्या, काउंटरच्या कडेला उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात एक वाक्य बोलल्या. नातीने ते माझ्या कानात सांगितलं. "आई आहे म्हणे. इथेच असते."

चटईवाले उठून उभे राहिले आणि कपाळ टेबलाला लागेल इतके वाकले. पार्लरवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. मास्तर कप पुसतच राहिले, एकच कप. मी घरी गेले ती मोठ्या तोऱ्यात. रात्री सुनेला सगळं रंगवून सांगितलं. आज तुझ्या सासूने एका बाईची लाज राखली, असंही वर म्हणाले.

पुढच्या शनिवारी गेले तर फळ्याच्या दोन्ही बाजूंना जेवणाची यादी. चटईवाले थंडी लवकर पडल्याबद्दल बोलत होते. पार्लरवाल्या बाई मासिक चाळत होत्या. गोलंदाजाचं नाव नाही, शाळकरी मुलांचंही नाही. पडद्यामागे सुरी एकसारखी चालू. दोन तास ती एकदाही थांबली नाही, आणि मला ते काही बरं वाटेना. काहीतरी मी मोडलं होतं, एवढं कळलं.

नात आली तशा त्या बाई बाहेर आल्या आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसल्या. नातीला मध्ये बसवलं. थोडं थोडं बोलून थांबायच्या, पोरीला सांगायला वेळ द्यायच्या. नातही एरवीसारखं दोन शब्दांत उरकत नव्हती, शब्द शोधून शोधून सांगत होती. बाईंचं म्हणणं असं होतं, की त्यांच्या मुलाला इथला संघ आता फार तर सीझन संपेपर्यंत ठेवील. मग ऑफिसात बोलावून इतकी वर्षं खेळलात, आभारी आहोत म्हणतील. त्यानंतर तेहतीस वर्षांच्या डावखुऱ्याला कोण विचारतं? पण कोणी त्याला बदल्यात मागून घेतलं, तर त्याची अजून किंमत आहे. आणखी दोन-तीन वर्षं तो खेळेल. क्लबाने बदली केली तर खेळाडूला नाही म्हणता येत नाही, पण खेळणं सोडता येतं. आणि तो आईला म्हणाला होता, तुला सोडून लांब जायची वेळ आली तर मी सोडेन.

"दर शनिवारी मी चटईवाल्यांचं बोलणं ऐकायला थांबत होते," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा कोणाला तरी हवा आहे, असं फक्त तेच म्हणत होते."

मी पदर डोळ्यांना लावला. नातच मधे म्हणाली, "आजी, तू रडू नको हं, मला इथे सगळे ओळखतात."

नाव निघालं की सुरी थांबते, हे मी बरोबर ऐकलं होतं. कोणाच्या वाक्यावर थांबते, ते भाषा नसल्यामुळे कळलं नव्हतं आणि ती जागा मी माझ्याच आठवणीने भरून टाकली होती. दाराआड उभं राहून आपली मापं निघताना ऐकणं, हे मला आठवत होतं. पण पाचांपैकी एक मंडळी अशी होती, की त्यांनी माझ्याबद्दल बरं-वाईट काहीच काढलं नाही, पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले आणि कधीच कळवलं नाही. त्या घराची मी सव्वा वर्ष वाट पाहिली. बाकी चौघांपेक्षा ते जास्त लागलं होतं. ते मी सोयीस्कर विसरले होते, इतक्या वर्षांनी, चांगला संसार झाल्यावर.

मी नातीकरवी विचारलं, तो गेला तर तुमचं काय?

बाई हसल्या. "मी एकदा सगळं घर गमावून बसले आहे. आता त्याची भीती कसली?"

मग त्या उठल्या, फळा उलटा केला आणि ओल्या फडक्याने यादी पुसून टाकली. डावीकडे, द्यायच्या रकान्यात, स्वतःच्या मुलाचं नाव लिहिलं. त्याच्यापुढे दुहेरी गोल काढला, खडू दोनदा फिरवून. पार्लरवाल्या बाई काहीतरी म्हणायला गेल्या, तर यांनी तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली, की जुलैपासून त्याचा वळणारा चेंडू लवकर खाली बसतोय, पश्चिमेकडचं मैदान मोठं आहे, तिथे असे चेंडू मारले तरी झेलले जातात, फक्त त्याला एका वेळी एकच डाव टाकू द्यावा. चटईवाले आधी संकोचून, मग विसरून, वाद घालायला लागले. त्या तिघांत बेसबॉल सगळ्यात जास्त कळत होतं ते पडद्यामागच्या बाईंना. वर्षभर त्या सगळं गिळून बसल्या होत्या.

माझं मत राहिलं होतं. चटईवाल्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "द्या म्हणावं," मी म्हणाले, आणि नातीला त्यात काही भाषांतर करावं लागलं नाही, हाताची खूणच पुरली.

क्लबाने आमचं पोस्टकार्ड वाचून काही केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना त्यांची गणितं असतात. पण नोव्हेंबरच्या शेवटी खरोखरच बातमी आली, फलंदाजाच्या बदल्यात डावखुरा पश्चिमेला. आईने त्याला फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तो गेला, एवढं खरं.

त्या शनिवारी टीव्हीवर नव्या संघाने त्याला पत्रकारांपुढे उभं केलं. नवा शर्ट, नवी टोपी, दोन्ही हात शिवणीला लावून वाकलेला. मास्तरांनी आवाज वाढवला. बाई पडद्यातून अर्ध्या बाहेर आल्या, हातांवर कोबीचे तुकडे तसेच. बघून झाल्यावर नातीला काहीतरी म्हणाल्या आणि आत गेल्या.

"काय म्हणाल्या?"

"टोपी त्याला मोठी होते म्हणाल्या."

चटईवाले लगेच नव्या फलंदाजाची उंची काढून बसले, हा काही कामाचा दिसत नाही म्हणून. मधून मधून डावखुऱ्याचं नाव येत होतं. मी काकडीचं सँडविच हातात धरून पडद्याकडे कान लावून बसले होते. सुरी चालू होती, त्या नावावरही थांबली नाही; आता तो कोणाला तरी हवा होता.