ट्रॅक्टरची झूल

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी भरलेली झूल पाठीवर पडली की पोळ्याच्या दिवशी बैल नवरदेवासारखा दिसायचा. त्यांना मी अक्का म्हणते. लाल कापडावर आरसे, कवड्या, रंगीत दोरा, आणि नक्षी सगळी मनातली. पण नळदुर्गात दावणीचे बैल कमी झाले, दारोदार ट्रॅक्टर आले, आणि झुली मागायला कुणी येईना. अक्का नुसत्या बसून राहायच्या, ते मला बघवेना.

मग मला शहाणपण सुचलं! शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरच्या उठावदार चिन्हावर कागद धरला, पेन्सिल घासली आणि ते जसंच्या तसं उतरवून आणलं. म्हटलं, "अक्का, हे सीटच्या कव्हरवर भरा."

"कुणाचं तरी असंल की गं ते. इचारायला नको?"

"कुणाला विचारताय? सगळ्या रस्त्यानं दिसतंय की," मी उडवून लावलं. मी तोंडाची लई फटकळ, माझ्यापुढं त्यांचं काय चालणार!

हायवेच्या कडेला दोरी बांधून मी कव्हरं टांगायची. हातोहात खपायची. दोनेक वर्षं बरी गेली. मग एक दिवस पोलिसांना घेऊन त्या ट्रॅक्टरच्या कंपनीचा माणूस आला. कव्हर हातात धरून म्हणाला, "हे कुणी केलं?"

अक्कांना वाटलं, काम आवडलं त्याला. पदर सावरत, हसत पुढं झाल्या. "म्या केलं, साहेब. समदं हातचं हाय."

चिन्ह मी आणलं, विकते मी, एवढंच सांगायचं होतं. एरवी गल्ली डोक्यावर घेणारी मी, ऐन वेळी माझी दातखीळ बसली. नाव अक्कांचं लिहिलं गेलं. ठाण्यात त्यांना दिवसभर बाकावर बसवलं, कंपनीचं चिन्ह न विचारता वापरलं म्हणून माफीच्या कागदावर अंगठा घेतला आणि सोडलं. मला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. अजून मन खातं माझं.

त्यानंतर त्यांनी सुई धरलीच नव्हती. परवा नातीनं हट्ट केला, फ्रॉकवर फूल पाहिजे. अक्कांनी दोरा ओवला, पहिला टाका घालता घालता थांबल्या आणि मला हळूच विचारलं, "हे फूल कुण्या कंपनीचं तर न्हाय ना गं?"

"न्हाय, अक्का. भरा तुम्ही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि सुई परत डबीत ठेवली.