घरात धरलेला माणूस

पनवेलच्या मोहल्ल्यात कुणाला नोकरीची बातमी हवी असली तर तो पेपर चाळत बसत नसे, महमूदला गाठत असे. महमूद छुट्टीवर आलेला असला तर घरी जाऊन, नसला तर दुबईला मिस्ड कॉल देऊन. आणि महमूद बिचारा उलटा फोन करत असे. कुठल्या कंपनीला एसीच्या डक्टचं काम येणारी माणसं हवीत, कुठला एजंट खरंच व्हिसा देतो आणि कुठला नुसत्या थापा मारतो, राहायला खोली बरी मिळते की एकेका खोलीत दहाजण कोंबतात, हे सगळं त्याला तोंडपाठ. सरकारचं रोजगार खातं सरकारकडे. मोहल्ल्याचं खातं म्हणजे महमूद. कितीतरी पोरं त्याच्या शब्दावर विमानात बसली. त्यातलं एकही फसून परत आलं नाही याचा त्याला भारी अभिमान होता, आणि तो असायलाच हवा होता.

त्याचे अब्बा शिंपी. पोराने मशीनवर बसावं अशी त्यांची इच्छा, आणि पोराचं सगळं लक्ष मच्छी मार्केटजवळच्या बर्फाच्या कारखान्याकडे. ऐन मे महिन्यात तिथून माणसं स्वेटर घालून बाहेर पडत, हे त्याला लहानपणी जादूच वाटे. त्या नादात त्याने आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. पास झाल्यावर इतर पोरांसारखा तोही अलिबागला जाऊन रोजगाराच्या कचेरीत नाव घालून आला, मिळालेल्या कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हरही चढवलं. पण तिकडून बोलावणं यायच्या आत मामूंच्या ओळखीने दुबईचं बोलावणं आलं. गेला तो गेलाच. मध्ये लग्न झालं, उरणची सफूरा घरात आली, मुबीना झाली, अम्मी-अब्बा एकामागोमाग गेले; आणि महमूद दर दोन वर्षांनी अत्तराचा घमघमाट घेऊन यायचा नि सुटकेस रिकामी करून जायचा. सफूरा बोलायला कमी आणि बघायला जास्त, अशी बाई. लोक तिला गरीब गाय समजत. लोकांचं काय, लोक काहीही समजतात.

२००९ साली दुबईतल्या क्रेन थांबल्या. महमूद ज्या इमारतीत डक्ट बसवत होता ती अर्ध्यावरच अडली. कधी नव्हे ते साहेबाने केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, तेव्हाच नोकरी गेल्याचं त्याने ओळखलं. मे महिन्यात तो घरी आला आणि दारातच तोंडून निघून गेलं, छुट्टीवर आलोय. खोटं बोलायचं असं त्याने काही ठरवलं नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्या दारात उभं राहून दुसरं काही बोलायची सवयच नव्हती.

एकदा निघून गेलेल्या त्या शब्दाला मग रोज खतपाणी घालावं लागलं. आधी म्हणाला, दोन महिन्यांची छुट्टी आहे. मग म्हणाला, कंपनीने वाढवून दिलीय, रमजान घरीच करा म्हणाले. रमजान झाला, ईद झाली. मग बकरी ईद तोंडावर आलीय तर ती करूनच जातो म्हणाला. बकरी ईदही झाली. रस्त्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, काय महमूदभाई, कधी जाताय. विचारणाऱ्याच्या मनात काही नसायचं, नमस्काराच्या जागी विचारायचं म्हणून विचारायचा. महमूदला मात्र चपलेत खडा गेल्यासारखं व्हायचं. तो मशिदीत मागच्या रांगेत उभा राहू लागला. शेजारचा अरसलान पासपोर्ट काढून तयार बसला होता, त्याला तो सारखं थोडं थांब म्हणायचा. का थांबायचं ते सांगायची सोय नव्हती. खातं बंद पडलं होतं आणि पाटी तेवढी लटकत होती.

हातावर हात ठेवून बसला होता असंही नाही. दोस्ताला भेटून येतो म्हणून सकाळी निघायचा आणि मोहल्ल्यातलं कुणी दिसणार नाही अशा ठिकाणी, उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांमध्ये, कामाची चौकशी करत फिरायचा. चोराने लपावं तसा हा माणूस कष्टाचं काम लपून शोधत होता, याला काय म्हणावं? शेवटी एका कोल्ड स्टोरेजमध्ये अर्ज दिला आणि जमलं. निर्यातीची कोळंबी साठवायचं ठिकाण, मशिनरी सांभाळायचं काम, पक्की नोकरी, रोज घरी येण्याजोगी. मॅनेजरने सांगितलं, शनिवारपर्यंत फोन करा, नाहीतर मी दुसरा माणूस घेईन.

आणि इथेच गाडी रुतली. छुट्टीवर आलेला माणूस नोकरी कशी धरणार? रोज डबा घेऊन निघायचं तर सफूराला काय सांगायचं? हो म्हणायचं तर आधी सात महिन्यांचं खोटं उघडं करायचं, आणि नाही म्हणायचं तर हाताशी आलेलं काम घालवायचं. शुक्रवारी त्याने दोनदा तोंड उघडलं. एकदा मीठ मागितलं आणि एकदा मुबीनाच्या शाळेचं विचारलं.

शनिवारी सकाळी दारात किशोरी उभी. जवळच्याच ओवे गावची मुलगी, खांद्याला जड बॅग, चपलांचा मूळ रंग धुळीत हरवलेला. कामधंद्याची सरकारी पाहणी देशभर चालली होती, त्यात ती घरोघर फिरत होती. काही वस्त्या निवडायच्या, वस्तीतली काही घरं निवडायची, आणि तिथे कोण कामाला जातं, कोण काम शोधतंय, कोण शोधून शोधून थकलंय, ते विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं. मोहल्ल्यात तिला कुणी पोलिओचे डोस देणारी समजलं, कुणी विमानतळासाठी घरं मोजायला आलेली, आणि एकीने तर दारातूनच आम्हाला फिनेल नको म्हणून सांगितलं. सफूराने मात्र आत घेतलं, पाणी दिलं, पंखा लावला.

महमूद सोफ्यावर टीव्ही बघत होता, म्हणजे टीव्हीकडे तोंड करून फोनचा विचार करत होता. पाहुणीशी बोललं की तेवढाच विचार टळतो, म्हणून त्याने विचारलं की पाच-दहा घरं विचारून सगळ्या देशाचं कसं कळतं. किशोरीला हा प्रश्न रोजचा होता. तिने सांगितलं की घरं आपल्या मर्जीने घ्यायची नसतात, ठरलेल्या रीतीने निघतात. लोकांची नावं कुठे छापत नाहीत, नुसता हिशोब दिल्लीला जातो, आणि मग कुठल्या भागात किती लोक रिकामे आहेत, कुठलं शिक्षण घेतलेल्यांना काम मिळत नाही, ते सरकारला कळतं. महमूदला ते पटलं. मजल्यावरच्या दोन-तीन खोल्यांत थर्मामीटर लावून सगळ्या मजल्याचं तापमान तोही काढायचा. फक्त थर्मामीटर खोटं बोलत नाही, एवढं त्याच्या मनात आलं.

मग घरातल्या माणसांची नावं सुरू झाली. सफूराने स्वतःचं सांगितलं, मुबीनाचं सांगितलं आणि थांबली. किशोरीने पेन सोफ्याकडे वळवून विचारलं, आणि हे?

"मी छुट्टीवर आलोय," महमूद घाईने म्हणाला. "दुबईला असतो."

किशोरीने मान हलवली आणि म्हणाली की मग तुम्हाला घरात धरता येणार नाही, आमच्या हिशोबात तुम्ही पाहुणे. तिच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. नियमच तसा होता. पण महमूदला ते फार लागलं. ज्या घराची फरशी त्याने दुबईत उन्हातान्हात राबून बसवली, त्या घरात, आपल्याच सोफ्यावर, बायकोसमोर, एका परक्या पोरीने त्याला पाहुणा म्हटलं होतं. आणि गंमत अशी, की तिच्या तोंडात तो शब्द त्यानेच घातला होता.

किशोरी पुढच्या प्रश्नाकडे गेलीही असती, पण पोरगी कामाला चोख होती. तिने विचारलं, आलात कधी? मे महिन्यात, महमूद म्हणाला. तिने बोटांवर मोजलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. परत कधी जाणार? महमूदने टीव्हीकडे बघितलं. तिकीट काढलंय का? तो टीव्हीकडेच बघत राहिला. टीव्हीवर कुणीतरी भाजी चिरायचं यंत्र विकत होतं.

किशोरीला वाटलं, आपला प्रश्न समजला नसावा. ती आपली कचेरीची भाषा सोडून सरळ ओव्याच्या बोलीवर आली. "दादा, हितं सहा महिन्यांच्या वर झालं आनि जायाचं नक्की नाय, तर तुमी घरचे. जानार असाल तर पाव्हने. मना कायपन चालतंय. तुमाला घरान धरू का नको, तेवरं सांगा."

महमूदने खाली मान घातली. सोपा प्रश्न होता आणि सात महिन्यांत त्याला कुणी तो विचारला नव्हता. कधी जाताय असं सगळ्यांनी विचारलं होतं. इथलेच आहात का, असं कुणीच नाही.

"धरा त्यांना घरात," सफूरा म्हणाली. "ते कुठे जात नाहीत."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाजीवाल्याला अर्धा किलो सांगावं तशी. महमूदने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया तर मुळीच नव्हती. ती किशोरीच्या पेनाकडे बघत होती, नाव नीट लिहिलं जातंय ना म्हणून.

पुढचे प्रश्न मग भराभर सुटले. काम सुटलं? हो, दुबईतच सुटलं. कधी? एप्रिलअखेर. गेल्या आठवड्यात काम शोधलंत? शोधलं, द्रोणागिरीला जाऊन. मिळालं तर करायची तयारी आहे? आहे, महमूद म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. किशोरीने लिहिता लिहिता सांगितलं की मग आजच्या तारखेला तुम्ही बेकार, काम शोधणारे. हे ऐकून कुणाला बरं वाटेल? पण महमूदच्या छातीवरचा धोंडाच उतरला. मे महिन्यापासून तो कोण होता हे त्याचं त्यालाही सांगता येत नव्हतं. आता निदान सरकारात एक जागा झाली होती, आणि त्या जागेवर बसलेला तो काही एकटा नसणार, हेही त्याला कळलं. तो चक्क हसला. किशोरीला वाटलं, माणूस जरा विचित्र आहे. पण अशी माणसं तिला रोजच भेटत, त्यामुळे ती चहा पिऊन पुढच्या घराकडे गेली.

ती गेल्यावर महमूदने विचारलं, तुला कधी कळलं. सफूरा कप उचलत म्हणाली की आलात त्याच दिवशी. छुट्टीवर येणारा माणूस घरच्यांसाठी सामान आणतो, तुम्ही तिकडची तुमची उशी घेऊन आलात. मग बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं.

"मी बोलले असते तर तुम्ही आणखी एक तारीख सांगितली असती," ती म्हणाली. "इतकी वर्षं मला तारखाच मिळाल्या. या वेळी माणूस मिळाला होता, म्हटलं राहू दे."

महमूदने डोळे पुसले, आणि पुसताना लाज वाटली नाही. अरसलानला खरं काय ते आज सांगून टाकायचं, त्या पोराने एजंटकडे पैसे भरायच्या आत, हे त्याने तिथेच ठरवलं. मग सोफ्यावरून उठून कोल्ड स्टोरेजला फोन लावला. मॅनेजर गडबडीत होता. अर्ज समोर ओढून त्याने पहिल्यांदा एवढंच विचारलं की इथे पत्ता दुबईचा दिसतोय, तुम्ही सध्या असता कुठे?

"घरी," महमूद म्हणाला. "पनवेलला, घरीच असतो."