गुळवेलीच्या आतली वस्ती

जळगावात माझ्या शेजारी राहणारे, कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे सर जगातल्या प्रत्येक स्वच्छ माणसावर रागावलेले असत. त्यांच्यासमोर फिनेलचं कौतुक करायची सोय नव्हती. कोणी गुळवेलीचा काढा पिताना दिसला की ते थांबत. "औषध ही वेल एकटी करते असं वाटतं तुम्हाला? तिच्या खोडाच्या आत जिवाणू राहतात. राबतात ते, नाव हिचं." बायकोने फ्रिजमध्ये जिवाणूंच्या नळ्यांशेजारी कैरीचं पन्हं ठेवलं, तेव्हा ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

कॉलेजच्या निंबावर एक गुळवेल होती. तिचा तुकडा बाहेरून स्पिरिटने निर्जंतुक करून त्यांनी कापला आणि आतून एक पिवळट जिवाणू वाढवला. काचेची बशी खिडकीकडे धरून त्यांनी मला दाखवली. "ह्या पिवळ्या ठिपक्याभोवतीची मोकळी जागा बघा. पू करणारा जंतू इथे यायला धजत नाही." त्या उन्हाळ्यात आठवडाभर वीज गेली आणि नळ्या वाया गेल्या. सर शिव्या देऊन मोकळे झाले. वेल शाबूत होती.

जूनमध्ये मी आमच्या वर्तमानपत्रात याची चार ओळींची बातमी दिली. मथळा दिला, 'कॉलेजच्या गुळवेलीत जंतू'. दुसऱ्या दिवशी पालक प्राचार्यांकडे गेले आणि दुपारी वेल बुंध्याशी तोडली गेली. सर आमच्या कचेरीत आले, बसले नाहीत. "यात खोटा शब्द एकही नाही," ते म्हणाले. "म्हणूनच जास्त राग येतो." मग ते चोपड्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत हिंडले. गुळवेली पुष्कळ मिळाल्या, त्यांत तो जिवाणू मिळाला नाही.

जुलैत ते निवृत्त होऊन धुळ्याला गेले. काही दिवसांनी कॉलेजच्या शिपायाने मला निंबाखाली नेलं. "भाऊ, येल मरेल नही शे. खाले दोरा सोडी राहिनी." फांदीवर उरलेल्या वेलीतून सुतळीसारखी मुळी जमिनीकडे येत होती. प्राचार्यांना दिसू नये म्हणून त्याने पुढे मोडकं बाक उभं केलं होतं. मी धुळ्याला कळवलं. त्यानंतर दर आठवड्याला सरांचं कार्ड येई, 'किती राहिलं? नीट मोजा, तुम्ही पत्रकार आहात.' मी मोजून कळवत असे. पोळ्याच्या सुमारास लिहिलं, 'मुळी टेकली.'

उत्तरात पहिल्यांदाच राग नव्हता. 'बरं झालं. अंगठ्याएवढी झाली की तुकडा घ्यायला येतो. तोवर छापू नका.'

सर आले नाहीत. वेल आता मनगटाएवढी आहे. तो जिवाणू तिच्यात अजून आहे का, ते कोणी पाहिलेलं नाही. मीही आजवर छापलं नव्हतं.