एक तांब्या गोड पाणी

जमिनीची यथेच्छ निंदा करून तिच्यासाठी भागीदार जमवणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, ते म्हणजे ह्यांचे मामा; आणि त्यांची आयुष्यभराची पत एका दुपारी तांब्याभर पाण्यात बुडवली ती मी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला भारी हुशार समजत असे.

मामांना कळव्याला चौघांत जमीन घेऊन घरं बांधायची होती. त्यांना धरून तिघं झाले होते, चौथा मिळेना. मिळणार कसा? मामा माणसाला न्यायचे ते ऐन वैशाखात, भर बारा वाजता. पावसात पाणी कुठवर चढतं ते स्वतःच्या धोतरावर बोट ठेवून दाखवायचे, सापांची बिळं दाखवायचे आणि शेवटी तिथल्या विहिरीचं मचूळ पाणी पाजायचे. एकाला तर विंचवांची जागा दाखवायची राहिली म्हणून स्टेशनवरून माघारी आणलं होतं. माणूस पळाला की म्हणायचे, "आज पळाला ते बरं. पाया खणल्यावर पळाला असता." पण जे दोघं ते पाणी पिऊन टिकले, त्यांनी मामांकडे कधी साधा कागद मागितला नाही.

मग डोंबिवलीचे एक मास्तर सपत्नीक आले. जमीनमालक आठ दिवसांत दुसऱ्याला शब्द देणार होता, म्हणून मामांना हातभार लावायला मी नौपाड्याहून घरच्या माठातलं पाणी फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात नेलं, विहिरीवर पोहरा उगाच खडखडवला आणि तेच पुढे केलं. मास्तर खूश झाले. मामांनी तांब्या घेतला, हुंगला आणि माझ्याकडे पाहिलं. कळव्याच्या विहिरीला वाळ्याचा वास! एवढी माझी हुशारी.

त्यांनी स्वतः पोहरा सोडला. "मघाचं आमच्या घरचं. इथलं हे. चूक माझी," म्हणाले. मास्तरांनी एक घोट घेतला, विचार करून कळवतो म्हणाले, आणि कधीच कळवलं नाही. त्यांच्या घरचं पाणी याहून मचूळ होतं, हे त्यांच्या बायकोने मला पुढे एका हळदीकुंकवात सांगितलं.

त्या जमिनीवर दुसऱ्यांची घरं झाली. मामा अखेरपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिले. मला रागावले मात्र कधीच नाहीत. त्या दुपारी परतताना खाडीच्या पुलावर एवढंच म्हणाले, "सूनबाई, आता मी मचूळ पाणी पाजलं तरी माणसं विचारतील, हे तरी इथलंच ना?"