करमून न्हाई राह्यलं

धावड्याहून पहिल्यांदा पुण्याला निघाले, त्या सकाळी इतकं धुकं होतं की एसटी दिसायच्या आधी तिचा आवाज आला. दोन्ही बाजूंचा मका धुक्यात विरघळून गेला होता. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बॅग आत सरकवली आणि खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे राहिले. माय म्हणाली, "जेवत जाय बराबर. अन् एकटी एकटी नको राहू." बस हलली आणि दहा पावलांत दोघंही पांढऱ्यात मिसळून गेली. भोकरदन येईपर्यंत मी काचेवर बोटानं काहीबाही गिरवत होते. वाईट वाटत नव्हतं. आपण तरंगत कुठेतरी चाललोय, एवढंच वाटत होतं.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना हे तरंगणं ठाऊक असेल. माझं वर्षभर टिकलं. विमा कंपनीचं बॅक ऑफिस, गळ्यात आयकार्ड, टार्गेट, वीकेंड, दोघींचा छोटा फ्लॅट. मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येणार नाही, तरंगण्याचं बुडणं झालं.

रविवारी खिडकीतून उन्हाचा एक तुकडा फरशीवर पडायचा. तो भिंतीपाशी सुरू होऊन दारापर्यंत सरकायचा आणि मी गादीवर पडून सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे. लोकांचं बोलणं लांबून यायचं, जणू मी विहिरीच्या तळाशी आहे आणि ते काठावर उभे आहेत. अर्धवट झोपेत गावाकडचं अंगण दिसायचं, वाळत घातलेल्या लाल मिरच्या, आणि मी त्यांच्यावरून चालतेय पण पाय टेकत नाहीत. मायचा फोन यायचा. "जेवली का?" मी म्हणायचे, जेवले. डबा तसाच पडलेला असायचा.

माझी रूममेट श्वेता एकदा समोर येऊन बसली. म्हणाली, "चार दिवस तू केस विंचरले नाहीस. मी दर गुरुवारी योगाला जाते असं सांगते ना तुला? योगाला नाही जात. समुपदेशन करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे जाते. या वेळी तू पण चल."

गेले. पहिल्या तीन वेळा मी तिथे मुलाखतीला बसल्यासारखी बोलले. "थोडा स्ट्रेस आहे, झोप नीट होत नाही." बाई ऐकून घेत. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "हेच तुमच्या आईला सांगायचं झालं तर कसं सांगाल?"

मी तोंड उघडलं आणि आतून भलतीच कुणीतरी बोलली. "माय, मला करमून न्हाई राह्यलं. कशातच जीव लागून न्हाई राह्यला." मग जे रडू आलं ते थांबेना. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, "आता मला कळलं. इथून पुढे असंच बोला."

त्यांनी मला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. एकदम काही झालं नाही. पण काही आठवड्यांनी एका दुपारी मला कुठूनतरी फोडणीचा वास आला आणि भूक लागली. ती भूक अजून आठवते.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मायला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. हात थांबले. "कोणाला बोलू नको," ती म्हणाली. "लग्न व्हायचंय तुझं. येड्याचं औषध खाती म्हनतील." दुसऱ्याच दिवशी तिनं मला राजूरच्या गणपतीला नेलं. तिथं बसून बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. गोळ्या तिनं चहाच्या डब्यामागं लपवल्या. पण रोज वेळेवर, माझ्याकडे न बघता, मुठीतून माझ्या मुठीत गोळी द्यायला ती एकदाही चुकली नाही.

नंतर दोन वर्षांनी दादाला मुलगी झाली. दीड महिन्यानं मायचा फोन आला. आवाज दबका होता. "सविता लेकराला घेईना. भिताडाकडं तोंड करून पडून राह्यती. बाया म्हनतात बाहेरचं हाय. मला तुझं व्हतं तसंच दिसून राह्यलं. काय करू?"

मी मिळेल त्या गाडीनं निघाले. सविता वहिनी खोलीत बाजेवर पडली होती. बाळ मायच्या मांडीवर रडत होतं आणि वहिनी ऐकत असूनही ऐकत नव्हती. तो विहिरीचा तळ मी ओळखला. शेजारी बसून म्हटलं, "वहिनी, मला पण असंच झाल्तं. मी औषध घेतलं."

तिनं पहिल्यांदाच वळून बघितलं. "तुमाला, ताई?" मग म्हणाली, "मला वाटलं मीच वाईट हाय. लेकरू रडतं, अन् मला आतून काहीच व्हत न्हाई."

दारात उभा असलेला दादा म्हणाला, "जालन्याला दवाखान्यात न्यायचं, पण गावात काय सांगायचं?"

माय उठली. "मंग सांगू काय सांगायचं ते. जल्दी आवर."

जालन्याच्या दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो होतो. तेवढ्यात आमच्याच आळीतल्या एक काकू समोर आल्या. "काय झालं वं सुनंला? इकडं कशा काय?" दादा खाली बघू लागला. चक्कर येते, असं मी सांगणारच होते.

मायनं बाळाला खांद्यावर नीट घेतलं. "मनाच्या डॉक्टरला दाखवायला आनलं," ती चांगली मोठ्यानं म्हणाली. "बाळंतपनानंतर बिघडतं बायांचं मन. माझ्या पोरीचंबी बिघडल्तं. औषधानं बरं झालं."

मी मायकडे बघत राहिले. काकू सरकून मायच्या शेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझ्या धाकटीला दाखवावं म्हनते कवाची. कोनती खोली हाय?"

वहिनीला सावरायला चार-पाच महिने लागले. परवा व्हिडिओ कॉलवर ती पोरीला तेल लावत होती आणि तक्रार करत होती की ही कार्टी दुपारची बिलकुल झोपत न्हाई. सांगता सांगता तिला हसू फुटलं.

मी आता पुण्यातच राहीन. गोळ्या थांबल्यात, गुरुवार अधूनमधून चालू आहेत, आणि ते मी ऑफिसातही सांगते. घर कुठलं असं कुणी विचारलं तर तोंडातून धावडा असंच निघतं. पण डोळ्यांसमोर गाव येत नाही. येतो तो दवाखान्यातला लाकडी बाक, त्यावर मी, वहिनी, काकू, आणि मधोमध बाळाला थोपटत बसलेली, अजिबात आवाज न दबवता बोलणारी माझी माय.