एकच आहेर, दोघींचा मिळून

आमच्याकडं लग्नात आहेर माईकवर पुकारतात. पंगती बसल्या की माईकवाला सुरू होतो. "नवरीच्या थोरल्या मामा-मामीकडून फ्रीज!" ही थोरली मामी म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अक्का म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र अगं-तुगंच चालतं. नणंदेच्या मोठ्या मुलीच्या लग्नात तो फ्रीज पुकारला आणि माझा घास हातातच राहिला. आमच्याकडून पातेल्यांचा सेट होता. माईकवाल्या मेल्यानं तो असा उरकला की कुणाला ऐकूसुद्धा गेला नाही.

दुसऱ्या भाचीला मी आरशाचं कपाट दिलं. तर हिनं दिवाण दिला, वर गादीसकट. तिसरीला मी वॉशिंग मशीन दिलं. थोरल्या दिराला पक्की नोकरी, माझा नवरा परळीत रिक्षा चालवतो, मी ब्लाउज शिवते. तिची बरोबरी करायला निघाले होते मी! सोमवारी एका बचत गटाचा हप्ता, गुरुवारी दुसऱ्या गटाचा, पाच तारखेला मशीनचा, शिवाय गहाण गंठणाचं व्याज. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून घ्यायचे. शेवटी गटातल्या बायका दारात येऊन बसायला लागल्या. नवरा जेवताना बोलेनासा झाला.

पतसंस्थेतले साहेब म्हणाले, सगळी कर्जं फेडून एकच कर्ज करता येईल, महिन्याला एकच हप्ता. फॉर्म भरताना एकेक कर्ज कशासाठी काढलं ते त्यांनी विचारलं. कपाट, मशीन, मी सांगत गेले.

"मग घरात सगळं हाय की ताई तुमच्या."

घरात कुठलं! मी अजून दगडावर कपडे धुते अन् थर्मल वीज केंद्राच्या उडत्या राखेत वाळत घालते. पण हे त्यांना काय सांगणार?

जामीनदार पक्क्या नोकरीचा पाहिजे होता. म्हणजे दीरच. म्हणजे अक्काच. तिच्या दारात जायचं म्हणून अंगाची लाही लाही झाली. गेले. नवी फरशी, नवे पडदे, सगळं डोळ्यांत भरत होतं. कर्जाचं बोलता बोलता मी पडद्याचं कापड किती मीटर लागलं असेल ते मोजत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "सही करतील ते. पर एक हाय. धाकट्या भाचीच्या लग्नात आहेर एकच द्यायचा. दोघींचा मिळून."

"बरं अक्का," म्हणाले. ती एक शब्द लावून बोलली असती तर बरं झालं असतं. उलट जाताना डब्यात लाडू दिले. चांगुलपणातसुद्धा हीच वरचढ! रडू आलं मला.

कर्ज मंजूर झालं. गटाच्या बायका यायच्या थांबल्या, नवरा परत जेवताना बोलायला लागला. पाच महिने हप्ता चुकला नाही.

मग सिरसाळ्याला धाकटीचं लग्न आलं. आमच्या दोघींचा मिळून कुकर अन् साडी. माईकवाला म्हणाला, "थोरल्या मामा-मामीकडून आणि धाकट्या मामा-मामीकडून..." पुन्हा थोरल्यांचंच नाव आधी! मला काही सुचेना. पर्समध्ये उद्याच्या हप्त्याचे पैसे होते. मी ते एका कोऱ्या पाकिटात घातले आणि माईकजवळच्या, आहेर लिहून घेणाऱ्या वहीवाल्याकडं निघाले. एकदा, फक्त एकदा आमचं एकट्यांचं नाव पुकारू दे.

रांगेत पुढं अक्का उभी होती. हातात पाकीट.

तिनं वळून बघितलं. मी पाकीट पदराखाली घेतलं, तिनंही घेतलं.

"हप्ता हाय न्हवं त्यो?" ती हळूच म्हणाली.

"अन् तुमच्यात किती हाय?"

तिनं माझ्या हातातलं पाकीट काढून माझ्याच पर्समध्ये कोंबलं, स्वतःचं कमरेला खोचलं आणि दंडाला धरून मला पंगतीला नेऊन बसवलं. शेजारी बसून जेवलो.

दुसऱ्या दिवशी हप्ता भरला. तेव्हापासून मी दोनदा विचारलं, तिच्या पाकिटात किती होते म्हणून. सांगत न्हाई. माझ्यापेक्षा जास्तच असणार.